मोठी पेजेस बनतात, पण टिकत का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये एक भाऊ सर्व्हर सांभाळतात. १६ जीबी रॅम, लिनक्स, पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि वजनकाट्याच्या पावत्या नि चुकारे काढणारा एक जावा प्रोग्राम. त्यांनी कुठंतरी वाचून ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (मेमरी ४ केबीच्या लहान तुकड्यांऐवजी, म्हणजे पेजेसऐवजी, २ एमबीच्या मोठ्या पेजेसमध्ये आपोआप देण्याची लिनक्सची सोय) ‘ऑलवेज’ केलं, आणि त्याच्यासोबतचं ‘डीफ्रॅग’ही (मोठं पेज मिळेना तर जागा कशी जमवायची ते ठरवणारी कळ) ‘ऑलवेज’ करून टाकलं. मशीन रीस्टार्ट केल्यावर दोन दिवस सगळं झरझर चाललं. तिसऱ्या दिवसापासून सकाळी आवक सुरू झाली की पावती दोन-दोन, तीन-तीन सेकंद अडकायला लागली आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली. ह्यूज पेजेस बंद केली की अडकणं थांबतं, पण हिशोबाचे रिपोर्ट मंदावतात. ते विचारतात: कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मोठी पेजेस नीट सांभाळता का येत नाहीत, त्यावर काय काम झालंय, आणि मला त्यात हातभार लावता येईल का?

भाऊ, मी वीस वर्षं लिनक्सच्या मेमरीचंच काम करतो आहे, त्यातली शेवटची सात वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावातून. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की असंच मशीन मी मागच्या हंगामात डोळ्यांनी पाहिलं आहे. ते पुढे सांगतो. आधी उत्तर: मोठं पेज बनवणं कर्नलला जड नाही. जड आहे ते सलग जागा शिल्लक ठेवणं, आणि एकदा बनलेलं मोठं पेज विनाकारण फुटू न देणं. या भागात गेल्या पंधरा-सतरा वर्षांत झालेलं बहुतेक चांगलं काम याच दोन गोष्टींभोवती फिरतं, आणि तुमच्या मशीनचं दुखणंही तिथंच आहे.

मोठ्या पेजचा फायदा काय, हे तुम्ही अनुभवलंच आहे, म्हणून आकड्यांत सांगून पुढे जातो. साधं पेज ४ केबीचं. १६ जीबीत अशी ४१,९४,३०४ पेजेस होतात, आणि प्रत्येकाच्या नोंदीसाठी कर्नल ६४ बाइट खर्च करतो, म्हणजे २५६ एमबी नुसत्या खतावणीत जाते. प्रोसेसर पत्ते शोधताना अलीकडचे पत्ते टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात ठेवतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीत त्याच्या दुसऱ्या पातळीत १५३६ जागा आहेत. ४ केबीच्या पेजने त्यात ६ एमबी मेमरी मावते, २ एमबीच्या पेजने ३ जीबी. पत्ता तिथे सापडला नाही तर चार पातळ्यांचं पेज टेबल चढावं-उतरावं लागतं. तुमचे रिपोर्ट मंदावतात ते यामुळे.

आता पोस्टग्रेसबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू, कारण जवळजवळ सगळेच त्यात अडकतात. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस चालू केली म्हणून पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटाबेसचा मजकूर मेमरीत ठेवायची जागा, मोठ्या पेजवर जात नाहीत. ती मेमरी सगळ्या प्रोसेसमध्ये सामायिक असते, आणि सामायिक मेमरीसाठी वेगळी कळ आहे, ‘शेमेम एनेबल्ड’, जी मुळात ‘नेव्हर’वर असते. तुम्हाला दोन दिवस जो फायदा दिसला तो जावाच्या हीपचा (त्याच्या कामाच्या मेमरीचा) आणि पोस्टग्रेसच्या सॉर्टिंग-हॅशिंगच्या खाजगी मेमरीचा. डेटाबेसचा मोठा भाग तेव्हाही ४ केबीवरच चालत होता.

आता ते मशीन.

आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये हीच तक्रार होती. सीतादही होऊन वेचणी सुरू झाली, दिवाळीनंतर आवक वाढली, आणि रोज सकाळी नऊच्या सुमारास काट्यावरचं स्क्रीन गोठायचं. आधी एका जाणकाराने रॅम वाढवायला सांगितली होती, मग डिस्क बदलायला. दोन्ही झालं, फरक पडला नाही. मी रात्री दहाला तिथे पोचलो तेव्हा काटा बंद झाला होता, प्रेस तेवढा चालू होता. मी काही न बदलता प्रॉक या कर्नलची स्थिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतली ‘बडीइन्फो’ ही फाइल उघडली.

या फाइलमध्ये अकरा रकाने असतात. पहिल्यात एकेकट्या मोकळ्या पेजेसची संख्या, दुसऱ्यात जोड्यांची, तिसऱ्यात चारच्या गटांची, असं दुप्पट-दुप्पट होत शेवटच्या रकान्यात १०२४ सलग पेजेसचे, म्हणजे ४ एमबीचे तुकडे. या मापांना ऑर्डर ० ते ऑर्डर १० म्हणतात. २ एमबीचं पेज हवं तर ऑर्डर ९ लागते. रात्री दहाला शेवटच्या दोन रकान्यांत शेकड्यांनी तुकडे होते. अकराला बॅकअप सुरू झाला आणि मी दर मिनिटाला तीच फाइल बघत बसलो. पहिल्या दोन-तीन रकान्यांचे आकडे हजारांत चढत गेले, उजवीकडचे उतरत गेले, आणि पाऊण तासाने शेवटच्या दोन रकान्यांत शून्य. एकूण मोकळी मेमरी मात्र फारशी घटली नव्हती. मेमरी होती, सलग नव्हती.

बॅकअप काय वाचत होता? काट्यावर गाडी भरलेली आली की फोटो, रिकामी परतली की फोटो. तीन हंगामांचे दहा-अकरा लाख छोटे फोटो, सगळे सुटे, आणि बॅकअप रोज रात्री प्रत्येक फाइल बदलली का ते तपासत होता. कर्नल प्रत्येक फाइलमागे एक इनोड (फाइलची माहिती) आणि एक डेंट्री (नावाची नोंद) मेमरीत धरून ठेवतो, एक्स्ट४ या फाइलसिस्टिमवर दोन्ही मिळून सव्वा केबीच्या घरात. दहा लाखांचे सव्वा जीबी झाले. हे स्लॅबमध्ये, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या छोट्या वस्तूंच्या मेमरीत, जातं, आणि स्लॅबमधली वस्तू जागची हलवता येत नाही, कारण तिच्याकडे बोट दाखवणारे पॉइंटर कर्नलभर विखुरलेले असतात. फाइलचा मजकूर ज्या पेजमध्ये असतो ते पेज हलवता येतं, प्रोग्रामची मेमरी हलवता येते, इनोड हलत नाही. वापरात नसला तर टाकून देता येतो, एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण देतो. दोन धुरे मोडून पाच एकर सलग करायचं ठरवलं. पऱ्हाटी उपटता येते, तुरीची तासं कापता येतात, कुंपण काढता येतं. मधोमध विहीर असली तर ती कुठे नेणार? त्या विहिरीला वळसा घालूनच नांगर चालतो. २ एमबीच्या तुकड्यात एकच हलवता न येणारं ४ केबीचं पेज बसलं की ती विहीर झाली. हिशोब करून पाहा: १६ जीबीत २ एमबीचे ८१९२ तुकडे. प्रत्येकात एकेक विहीर बसवायला फक्त ३२ एमबी पुरतात. सव्वा जीबी इनोड विखुरले तर काय होईल ते सांगायला नको.

कर्नलला हे ठाऊक नाही असं नाही. मेल गॉर्मन यांनी कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत पेजेसची हलणारी, न हलणारी आणि परत मिळवता येणारी अशी वर्गवारी आणली. प्रत्येक २ एमबीच्या तुकड्यावर एक शिक्का असतो आणि कर्नल शक्यतो एका जातीची पेजेस एकाच शिक्क्याच्या तुकड्यात ठेवतो. विहिरी सगळ्या एका कोपऱ्यात खोदायच्या, बाकी रान मोकळं, अशी ही व्यवस्था. पुढे २.६.३५ मध्ये त्यांनीच कॉम्पॅक्शन आणलं, म्हणजे हलणारी पेजेस एका टोकाला सरकवून सलग जागा मोकळी करण्याची सोय. पण एका जातीचे तुकडे संपले की कर्नल शेजारच्या जातीचा तुकडा उचलतो. विनंती नाकारण्यापेक्षा ते बरं, हे मलाही मान्य आहे. फक्त तो तुकडा मग बाटतो, आणि बॅकअप संपल्यावरही लवकर सुधारत नाही, कारण हजार इनोडपैकी एखादा वापरात राहिला तरी विहीर तिथेच असते.

हे नुसतं अनुमान वाटू नये म्हणून त्या रात्री आणखी एक गोष्ट केली, आणि ती तुम्हीही कराच. कर्नलमध्ये ‘एमएम पेज अलॉक एक्स्टफ्रॅग’ नावाचा ट्रेसपॉइंट आहे. एका जातीच्या विनंतीने दुसऱ्या जातीचा तुकडा उचलला की तो नोंद करतो. ‘पर्फ’ या साधनाने तो कॉल स्टॅकसकट, म्हणजे फंक्शनांच्या साखळीसकट, पकडला तर कोणी, कुठल्या वाटेने येऊन रान बिघडवलं ते नावानिशी कळतं. आमच्याकडे नोंदींच्या रांगा लागल्या, प्रोसेस बॅकअपची, वाट नवा इनोड बनवण्याची. तोवर बाजूला बसलेल्या सुपरवायझरला माझं म्हणणं पटत नव्हतं. स्क्रीनवर बॅकअपचं नाव दिसल्यावर ते म्हणाले, “म्हणजे रातच्याले हे चालते अन् सकाळी आमाले भोवते!” अगदी तेच.

सकाळी जावा सर्व्हिस सुरू झाली, नवी मेमरी मागू लागली. ‘डीफ्रॅग ऑलवेज’ असल्यामुळे प्रत्येक मागणीला कर्नल प्रोग्रामला जागीच थांबवून, पेजेस सरकवून २ एमबी जमवायच्या खटपटीला लागला, बहुतेक वेळा विहिरीवर आदळून रिकाम्या हाताने परतला, आणि शेवटी ४ केबीवर भागवलं. प्रॉकच्या ‘व्हीएमस्टॅट’मध्ये ‘कॉम्पॅक्ट स्टॉल’, ‘कॉम्पॅक्ट फेल’ आणि ‘टीएचपी फॉल्ट फॉलबॅक’ हे तीन आकडे सोबत चढताना दिसले. तुमचे दोन-तीन सेकंद या खटपटीत जातात. ‘डीफ्रॅग’ची मूळ स्थिती ४.६ पासून ‘मॅडव्हाइज’ आहे, म्हणजे प्रोग्रामने स्वतः मागितलं तरच ही खटपट, ती याच अनुभवांमुळे. कुठलंतरी वाचून ती ‘ऑलवेज’ करू नका.

तुमच्या मशीनवर मी काय करीन ते सांगतो. पोस्टग्रेससाठी ह्यूज पेजेस बूट होतानाच राखून ठेवीन, म्हणजे ‘एनआर ह्यूजपेजेस’ ठरवून देईन. बूटच्या वेळी रान मोकळंच असतं. शेअर्ड बफर्स ४ जीबी असतील तर २ एमबीची २०४८ पेजेस आणि वर थोडी जास्त लागतील. पोस्टग्रेस १५ पासून नेमका आकडा डेटाबेसच सांगतो, ‘शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस’ या सेटिंगमध्ये. याचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. पोस्टग्रेसच्या प्रत्येक कनेक्शनची प्रोसेस वेगळी, तिचं पेज टेबल वेगळं. ४ जीबी पूर्ण चाळणाऱ्या प्रोसेसला ४ केबीच्या पेजने ८ एमबीचं पेज टेबल लागतं, पन्नास कनेक्शनचे ४०० एमबी झाले. २ एमबीच्या पेजने तेच एका प्रोसेसमागे १६ केबी. १६ जीबीच्या मशीनवर ही बचत फार मोलाची आहे.

जावासाठी ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस ‘मॅडव्हाइज’वर ठेवा आणि जावाला त्याचा फ्लॅग द्या, म्हणजे हीपपुरतीच मोठी पेजेस मागितली जातील. ‘डीफ्रॅग’ मात्र ‘डिफर’ करा. त्यात मागणाऱ्याला थांबवत नाहीत, आत्ता मिळेल ते घे म्हणतात, आणि पाठीमागे कॉम्पॅक्शनचा धागा जागा करतात. ‘खह्यूजपेजडी’ हा कर्नलचा धागा नंतर सावकाश येऊन लहान पेजेसचं मोठं पेज बांधतो. सावकाश म्हणजे किती? मुळात तो दर दहा सेकंदांनी ४०९६ पेजेस, म्हणजे १६ एमबी तपासतो. २ जीबीच्या हीपला एक फेरी घालायला एकवीस मिनिटांच्या वर लागतात. म्हणून जावा सर्व्हिस नऊला सुरू न करता पहाटेच सुरू करा, काटा उघडेपर्यंत बांधाबांध झालेली असते.

आणि फोटो. रोजचे फोटो रात्री एका टार फाइलमध्ये बांधा, बॅकअप फक्त ती फाइल नेईल. आम्ही जे काही केलं त्यात सगळ्यात जास्त फरक याने पडला, आणि यात कर्नलचं काहीच नव्हतं. काही जण क्रॉनमध्ये रोज रात्री कॅश झाडून टाकण्याची कमांड लावतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. त्यात इनोडबरोबर डेटाबेसच्या फाइल्सची तापलेली पेजेसही जातात, सकाळी सगळं डिस्कवरून पुन्हा वाचावं लागतं, आणि खरं कारण झाकलं जातं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, म्हणजे कर्नलमध्ये काय सुधारलं. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस आंद्रेआ आर्कान्जेली यांनी आणली, २.६.३८ मध्ये, २०११ साली. ती होती प्रोग्रामच्या खाजगी मेमरीपुरती. फाइलींची पेज कॅश, म्हणजे वाचलेल्या फाइलींचा मेमरीतला साठा, तेव्हाही ४ केबीचीच राहिली. १ जीबीची फाइल वाचली की २,६२,१४४ पेजेस, प्रत्येक वेगळं मागायचं, पेजेस शोधायच्या झाडात वेगळं अडकवायचं, वेगळं लॉक करायचं, जुन्या-नव्याच्या यादीत वेगळं सरकवायचं, आणि मेमरी कमी पडली की वेगळं काढायचं. जिनिंगमधून बाहेर पडलेली रुई कोणी मूठ-मूठ मोजत नाही. प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गठाण बांधली, तिच्यावर नंबर टाकला, की पुढे ट्रकपर्यंत मोजणी गठाणीचीच होते.

पेज कॅशमध्ये गठाण बांधायची कल्पना जुनी होती. अडचण होती नंबरची. अनेक पेजेस जोडून एक मोठं पेज बनलं की पहिल्या पेजला मुखिया मानतात आणि बाकीची शेपटातली. पण कोडमध्ये सगळ्यांचा प्रकार एकच, ‘स्ट्रक्ट पेज’. हातात आलेला पॉइंटर मुखियाचा आहे की शेपटातला, हे प्रत्येक फंक्शनला पुन्हा पुन्हा तपासावं लागे. तपासणी विसरली तर बग, प्रत्येक ठिकाणी केली तर वेळ. मॅथ्यू विल्कॉक्स यांनी ‘फोलिओ’ हा नवा प्रकार आणला तो यासाठी. फोलिओ हातात आला की तो शेपटातला नाही याची हमी कंपायलरच देतो. २०२१ मध्ये यावर बराच वाद झाला, आणि ५.१६ मध्ये, म्हणजे २०२२ च्या जानेवारीत, तो आत आला. नुसत्या नावाच्या बदलासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. नंतर मोठ्या फोलिओचं काम ज्या वेगाने पुढे गेलं ते पाहून मत बदललं. ५.१८ मध्ये एक्सएफएस या फाइलसिस्टिमला मोठे फोलिओ मिळाले, ६.१६ मध्ये एक्स्ट४ ला. खालचं झाड, म्हणजे एक्सअ‍ॅरे, विल्कॉक्स यांनीच ४.२० मध्ये आणलेलं होतं. एकाच नोंदीत अनेक पेजेसचा पट्टा धरण्याची सोय त्यात असल्यामुळे हे जमलं.

फोलिओ किती मोठा बांधायचा हे ठरतं रीडअहेडमध्ये, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. फाइल ओळीने वाचली जाते आहे असं दिसलं की कर्नल पुढचं आधीच वाचून ठेवतो. अंदाज बरोबर निघत गेला तसा फोलिओची ऑर्डर दोन-दोनने वाढवतो: ४ केबी, मग १६, मग ६४. उड्या मारत वाचणाऱ्याला मात्र लहानच पेजेस मिळतात, आणि तेच बरोबर आहे, कारण त्याला २ एमबी देऊन त्यातलं एकच पेज तो वापरील. मोठा फोलिओ मिळाला नाही तर अडून न बसता लहानावर भागवतात. तुमच्यासाठी कामाची गोष्ट अशी, की रीडअहेडची मूळ मर्यादा १२८ केबी आहे, आणि साध्या ओळीने वाचण्यात फोलिओ त्या मर्यादेपलीकडे वाढत नाही. मोठ्या फाइली सलग वाचणारा रिपोर्ट असेल तर ‘रीड अहेड केबी’ वाढवून मोजून पाहा.

लिहिण्याच्या बाजूला एक खड्डा होता, तोही सांगायला हवा. मोठ्या फोलिओला ‘बदललं’ असा एकच शिक्का असेल, तर ६४ केबीतले ४ केबी बदलले तरी सगळे ६४ केबी डिस्कवर लिहावे लागतात. मूळ पेजच ६४ केबीचं असलेल्या आयबीएमच्या पॉवर मशीनवर हा त्रास आधीपासून होता. आयबीएमचे रितेश हरजानी यांनी आयओमॅप या फाइलसिस्टिमांच्या सामायिक कोडमध्ये फोलिओच्या आत ब्लॉकगणिक बदलाची नोंद ठेवायची सोय केली, ती ६.६ मध्ये आली. पॉवरवर एक्सएफएसच्या लहान-लहान लिखाणाच्या चाचणीत सुमारे १६ पट फरक पडला. फोलिओ मोठा ठेवायचा, पण आतला हिशोब बारीक ठेवायचा, हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

फोडण्याचंही तसंच. २ एमबीच्या फोलिओतलं एक पेज काढायचं, समजा फाइल मधूनच कापली, तर पूर्वी ५१२ च्या ५१२ सुटी व्हायची. आमच्या जिनिंगमधले एक जुने हमाल म्हणायचे, “गठाण एकडाव फुटली का मंग ते बांधाले पुरा प्रेस लागते, भाऊ.” झी यान यांच्या कामामुळे आता फोलिओ मापात कापता येतो: अर्धा बाजूला, उरलेल्याचा अर्धा बाजूला, असं करत २५६, १२८, ६४ पासून खाली १ आणि १. एकूण दहा तुकडे, त्यातले वरचे मोठेच राहतात.

लहान आणि अजस्र यांच्या मधली मापं हाही मोठा बदल आहे. आर्मच्या रायन रॉबर्ट्स यांच्या कामातून ६.८ मध्ये खाजगी मेमरीला १६, ३२, ६४ केबी अशी मापं मिळाली. आर्मच्या प्रोसेसरमध्ये ४ केबीची १६ सलग पेजेस टीएलबीच्या एका जागेत बसवण्याची सोय आहे, तिचा नेमका उपयोग यात होतो. ६४ केबी सलग मिळणं २ एमबीपेक्षा कितीतरी सोपं, विहिरी असलेल्या रानातही तेवढी जागा निघते. तुमचं कर्नल जुनं असेल तर ते बदलण्याचं हे एक चांगलं कारण आहे.

न सुटलेला प्रश्न म्हणजे जुनं-नवं ओळखण्याचा. २ एमबीच्या फोलिओतलं एकच पेज सारखं वापरात असेल तर पूर्ण २ एमबी तापलेलं समजलं जातं आणि बाकीची ५११ पेजेस फुकट जागा अडवतात. ६.१२ मध्ये एक उपाय आला: खाजगी मेमरीच्या मोठ्या पेजमध्ये बहुतेक शून्यंच भरलेली असतील, आणि मेमरीची ओढ असेल, तर ते फोडून शून्याची पेजेस परत घेतात. फाइलींच्या पेज कॅशला तो लागू नाही, कारण तिथे वापरात नसलेल्या पेजमध्येही खरा मजकूर असतो.

हातभाराबद्दल. मोठ्या सर्व्हरवर एक अडचण आहे, जी बहुतेक जण पहिल्यांदा हातात घेतात. पेज मागताना पूर्ण झोनचं (मेमरीच्या मोठ्या विभागाचं) लॉक घ्यावं लागू नये म्हणून प्रत्येक सीपीयूजवळ मोकळ्या पेजेसची छोटी शिल्लक असते. ती आधी फक्त एकेकट्या पेजेसची होती. ५.१४ मध्ये मेल गॉर्मन यांनी ऑर्डर ३ पर्यंतची आणि २ एमबीची पेजेस त्यात ठेवायची सोय केली. मधली मापं, म्हणजे ६४ केबीसारखं आज जास्त मागणी असलेलं माप, त्यात नव्हती. ती घातली की झालं, असं वाटतं. पण सीपीयूजवळ अडकलेलं पेज शेजाऱ्याशी जुळून मोठं होऊ शकत नाही, म्हणजे लॉक वाचवायच्या नादात सलग जागाच आटू शकते. चार कोअरच्या मशीनवर या लॉकसाठी भांडण होतच नाही, म्हणून त्यात तुम्ही वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याजवळ जे आहे ते मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत सहज मिळत नाही: कमी रॅम, लाखो छोट्या फाइली, महिनोन्‌महिने रीस्टार्ट नाही, आणि रोज ठराविक वेळी होणारा त्रास. तो त्रास कोणालाही घरी करून बघता येईल अशा छोट्या स्क्रिप्टमध्ये उतरवा. दहा लाख रिकाम्या फाइली बनवायच्या, सगळ्यांची माहिती वाचायची, मग २ जीबी मेमरीला मोठी पेजेस मागायची, आणि किती मिळाली, किती वेळ लागला ते छापायचं. व्हर्च्युअल मशीनमध्ये ४ जीबी दिले तरी चालेल. मीही तसंच करतो, कारण लाइन कधी जाईल याचा नेम नसतो आणि खरं मशीन पुन्हा पुन्हा पाडणं परवडत नाही. एकदा चालवून आकडा देऊ नका. दहा वेळा चालवा, प्रत्येक वेळी नवं बूट, आणि सगळे आकडे ठेवा. कर्नलच्या सोर्समध्येच ‘सेल्फटेस्ट्स’च्या खाली ‘एमएम’ची चाचण्यांची डिरेक्टरी आहे, ती आधी वाचा. त्यात बसेल अशी चाचणी लिहिलीत तर पुढच्या प्रत्येक कर्नलवर ती चालेल.

तूर्त आज रात्री बॅकअपच्या आधी आणि सकाळी काटा उघडायच्या आधी ‘बडीइन्फो’, ‘पेजटाइपइन्फो’ आणि ‘व्हीएमस्टॅट’ या तीन फाइली तारीख टाकून कॉपी करून ठेवा. ‘पेजटाइपइन्फो’ला रूटचे अधिकार लागतात. तिच्यात शेवटी कुठल्या शिक्क्याचे किती तुकडे आहेत त्याचा तक्ता असतो. ‘रिक्लेमेबल’चा आकडा रात्रीतून किती चढला ते बघा. तो चढला असेल तर फोटोंपासून सुरुवात करा. तो जागीच असेल आणि ‘अनमूव्हेबल’ चढला असेल, तर दोषी दुसरा कोणी आहे, आणि मग एक्स्टफ्रॅगचा ट्रेस लावूनच त्याचं नाव काढावं लागेल.